टपावरची दारं

मिस्त्री दारं बनवायचे आणि ती स्वतःच पोचवायचे. बनवण्यापेक्षा पोचवण्याचाच त्यांना जास्त अभिमान आहे असं त्यांची मुलगी म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. दार काय, कुणीही बनवील. पण चार दारं आणि दोन चौकटी व्हॅनच्या टपावरच्या कॅरिअरला बांधून, खड्ड्याखुड्ड्यांतून वीस-पंचवीस किलोमीटर न्यायच्या आणि उतरवताना पॉलिशवर नखाएवढाही ओरखडा सापडू द्यायचा नाही, हे आपल्याशिवाय या रस्त्यावर कुणाला जमत नाही अशी त्यांची खात्री होती. रस्त्यावरच्या लोकांचीही होती. पलंगवाला, टाक्यांचा दुकानदार, आरसे विकणारा, सगळे गाडीवर माल चढवला की हाक मारायचे, "मिस्त्री, जरा नजर टाकता का?"

मिस्त्री हाताचा भुसा झटकत यायचे. गाडीभोवती एक फेरी मारायचे, दोराला बोट लावायचे आणि म्हणायचे, "ही गाठ आहे की वेणी?" मग सगळं सोडून पुन्हा बांधायचे. त्यांची रीत ठरलेली. कॅरिअरच्या आडव्या दांड्यांवर आधी गोणपाट. सगळ्यांत मोठं दार खाली. एक दोर मागून, एक मधून, आणि तिसरा पुढून, मालाच्या पुढच्या कडेपासून थेट बंपरखालच्या कडीपर्यंत. हा पुढचा दोर लोक बांधतच नाहीत, आणि मिस्त्रींचा सगळा जीव त्याच्यात. दोरात एक फास पाडायचा, टोक कडीतून घेऊन त्या फासात ओवायचं, अंगाचा भार टाकून खाली ओढायचं आणि अंगठ्याखाली दाबून गाठ मारायची. "समोरून वारा शिरला की दाराचा पतंग होतो," ते सांगायचे. "मागचे दोर नुसते बघत बसतात."

मुलीला ते भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव. आता ती अडतीस वर्षांची होती, नवऱ्याचं घर सोडून तिला अकरा वर्षं झाली होती, आणि गेली नऊ वर्षं व्हॅन तीच चालवायची. आई नव्हती. कारखान्यामागच्या दोन खोल्यांत बाप-लेक राहत. दिवसभर एकमेकांच्या समोर असल्यामुळे संध्याकाळी बोलायला फारसं काही उरत नसे, आणि दोघांनाही ते बरं वाटे.

मिस्त्रींच्या उजव्या हाताचं तिला कळलं ते कपामुळे. चहाचा कप ते नेहमी कानात बोट घालून उचलत. एके दिवशी दोन्ही हातांनी धरलेला दिसला. मग पटाशी हातातून सुटली. मग सदऱ्याच्या बटणांना सकाळी वेळ लागायला लागला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं दिसायला जशीच्या तशी होती, पण त्यांत जोर राहिला नव्हता. कुणी बघत नसेल तेव्हा मिस्त्री डाव्या हाताने काम करत.

"बाबा, हात एकदा डॉक्टरला दाखवू या का?" तिने विचारलं.

"हाताला काय झालंय? थंडीने आखडतो जरा."

तेव्हा उन्हाळा होता. तिने विषय वाढवला नाही.

गाठींचं कळलं ते निव्वळ योगायोगाने. ती एकटीच माल घेऊन निघाली होती. पाण्याच्या टाकीचं वळण घेतल्यावर आरसा पुसायला म्हणून खाली उतरली आणि सहज पुढच्या दोराला हात लावला. दोराखालून तिचा अख्खा पंजा आरपार गेला. तिने टाकीच्या भिंतीआड गाडी घेतली, तिन्ही दोर सोडले आणि बापाने शिकवलं होतं तसे पुन्हा आवळले. घरी आल्यावर बोलली नाही.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. मिस्त्री बांधायचे, फाटकात उभे राहून व्हॅन वळणाआड जाईपर्यंत बघायचे; वळणाआड ती गाडी थांबवायची आणि सगळं पुन्हा बांधायची. दहा मिनिटांचं काम. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्रींची गाठ म्हणजे गाठ, सुटता सुटत नाही." ती घरी येऊन हे सांगायची. मिस्त्री मान हलवून म्हणायचे, "सुटेल कशी?" असं वर्ष-सव्वा वर्ष चाललं. आपण बापाचा मान राखतोय असं तिला वाटायचं, आणि त्याचं थोडं समाधानही होतं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी चार दारं आणि एक चौकट जायची होती. कालव्यापलीकडच्या एका नव्या इमारतीतलं काम होतं, आणि तिथल्या मालकाने आदल्या दिवशी फोन करून कुरकुर केली होती की दाराच्या जागेत आणि मापात फरक दिसतोय. मिस्त्रींना ते लागलं. सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते तयार झाले.

"मी येतो. माप मी घेतलेलं आहे. चूक कुणाची ते तिथेच बघू."

"तुम्ही कशाला दगदग करता? मी बघून येते ना."

"तुला माप कळतं?"

त्यांनी दारं बांधली. भिंगरी मागच्या बाजूला गोणपाट सारखं करत होती, पण तिचं लक्ष पुढे होतं. बंपरपाशी मिस्त्री वाकलेले होते, तिच्याकडे पाठ करून, आणि त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागत होता. उठले तेव्हा कपाळावर घाम होता. त्यांनी दोराला एक टिचकी मारली आणि पुढच्या सीटवर येऊन बसले.

टाकीचं वळण आलं. तिने वेग कमी केला.

"का गं?"

"जरा उतरते. मागचं दार नीट लागलं नाही वाटतं."

"मी लावलंय ते." मिस्त्रींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "काय बघायचंय तुला?"

गाडी जवळजवळ थांबली होती. नंतर कितीतरी महिने ती या क्षणापाशी येऊन बसायची. पेट्रोल भरायचंय म्हणाली असती, तर टाकी भरलेली होती. उलटी होतेय म्हणाली असती, तरी चाललं असतं. खरं सांगितलं असतं, तर बाप दिवसभर बोलला नसता, फार तर महिनाभर. तिथे मात्र जीभ रेटली नाही.

"काही नाही," ती म्हणाली आणि गाडी पुढे काढली.

ती चाळीसच्या वर गेली नाही. "बैलगाडी हाकतेस का?" मिस्त्री एकदा म्हणाले. शहर मागे पडलं तसा वारा वाढला, आणि काचेच्या वरच्या कडेला कसलीतरी फडफड ऐकू यायला लागली. दोराचं टोक पत्र्यावर आपटत होतं. भिंगरीने बापाकडे पाहिलं. मिस्त्री समोर बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने आपल्या बाजूची काच वर केली.

"धूळ येते," ते म्हणाले.

कालव्याच्या कडेने रस्ता सरळ आणि उघडा होता. मनाशी ती म्हणत होती की कालवा संपला की पूल आहे, पुलापाशी थांबू, मग बाबांना काय म्हणायचं ते म्हणू देत. समोरून एक ट्रक आला. तो शेजारून गेला तेव्हा व्हॅनला धक्का बसल्यासारखं झालं, टपावर लाकूड करकरलं, आणि लगेच गाडी हलकी झाली. तिला आधी ते हलकेपण कळलं. आरशात पाहिलं तेव्हा सगळ्यांत वरचं दार हवेत होतं. ते एकदा सावकाश उलटलं, आणि मागे येणाऱ्या स्कूटरवर आडवं पडलं.

ती धावत मागे गेली. रस्त्यावर एक बाई पडली होती, पन्नाशीच्या आतली, पायात पांढरे बूट, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स. डबा पिशवीतून बाहेर पडून कालव्याच्या कठड्यापर्यंत घरंगळला होता. भिंगरी गुडघ्यांवर बसली आणि तिचं डोकं मांडीवर घ्यायला गेली, तेव्हा ती बाई डोळे न उघडता, अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "मान हलवू नका माझी."

भिंगरीने हात मागे घेतले.

"ओठ निळे दिसतात का?" बाईने विचारलं.

"नाही."

ते खोटं होतं. बाईला बहुधा ते कळलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "स्कूटर बंद करा कुणीतरी. पेट्रोल सांडत असेल." कुणीतरी स्कूटर बंद केली. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली, आणि तोवर ती गेली होती.

मिस्त्री रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून. पोलिस आले. जमादार वयस्कर होता, घाईत नव्हता. उरलेली दारं, लोंबणारा पुढचा दोर, सगळं त्याने नीट बघितलं.

"बांधलं कुणी हे?"

मिस्त्रींनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं, हे भिंगरीने पाहिलं.

"मी," ती म्हणाली.

मिस्त्रींचं तोंड मिटलं.

जमादाराने लिहून घेतलं. मग पेन खिशाला अडकवत म्हणाला, "तसं कुणीही बांधलेलं असो. गाडी चालवणाऱ्यानेच बघून निघायचं असतं, बाई. गुन्हा तुमच्यावरच लागणार."

म्हणजे ती बोलली नसती तरी कागदावर काही फरक पडला नसता. हे तिला दहा मिनिटं उशिरा समजलं.

पहिले काही आठवडे मिस्त्री कुणाशीच बोलले नाहीत. कारखाना बंद होता, व्हॅन पोलिस ठाण्याच्या आवारात. तिसऱ्या आठवड्यात पलंगवाला येऊन बसला. तो भला माणूस होता. सांत्वन करायला आला होता. म्हणाला, "तुमच्या हातचं सामान असं कसं सुटेल, हेच आम्हाला कळेना. मग समजलं, पोरीने बांधलं होतं." मिस्त्री गप्प राहिले. पुढे टाक्यांचा दुकानदार हेच बोलला तेव्हा त्यांनी मान हलवली. आणि एके दिवशी आतल्या खोलीत भाजी चिरत असताना भिंगरीला बाहेरून बापाचाच आवाज ऐकू आला.

"मी तिला म्हटलं होतं, पुढचा दोर एकदा बघून घे. पण घाई. आताच्या लोकांना घाई फार."

तिचा हात थांबला. तिला राग आला नाही, निदान तेव्हा तरी नाही. पाहुणा गेल्यावर ती बाहेर आली आणि बापाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. हा माणूस खोटं बोलतोय की त्याला आता हेच खरं वाटायला लागलंय, ते तिला शोधायचं होतं. मिस्त्री रंध्याचं पातं तेलाने पुसत होते.

"चहा टाकतेस का?" त्यांनी विचारलं.

तिने चहा टाकला.

खटला आठ महिन्यांनी उभा राहिला आणि तीन तारखांत संपला, कारण तिने सगळं कबूल केलं. सहा महिन्यांची कैद झाली, गाडी चालवायचा परवाना पाच वर्षांसाठी गेला. शेवटच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात एक सडसडीत माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्या नर्सचा नवरा. बाजारपेठेत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. काचा घासून चौकटीत बसवायचं काम ते स्वतः करत. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत.

"तुम्ही शेवटी तिच्याजवळ होता," ते म्हणाले. "काही बोलली का ती?"

भिंगरीने होतं तसं सांगितलं. मान, ओठ, स्कूटर. चष्मेवाल्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"माझं काही?"

"नाही."

"बरं झालं, खरं सांगितलंत," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

तुरुंगात दर दुसऱ्या गुरुवारी मिस्त्री भेटायला यायचे. साबण, तेल, कधी वर्तमानपत्र आणायचे. पावसाने छप्पर कुठे गळतंय, कुणी कुठलं लाकूड आणून टाकलंय, हे सांगायचे. एकदा त्यांच्या सदऱ्याची बटणं एका काजाने चुकलेली होती, वरपासून खालपर्यंत. दोघांच्या मधे जाळी होती. ती वीस मिनिटं त्या बटणांकडे बघत बसली.

ती सुटून आली त्यानंतर तिसऱ्या रविवारी चष्मेवाले कारखान्यात आले. व्हॅन परत मिळाली होती, पण चालवणारं कुणी नव्हतं. गाडी आत एका बाजूला उभी होती, टपावर रिकामा कॅरिअर. मिस्त्रींनी स्टूल पुसून पुढे केलं. चष्मेवाले बसले नाहीत.

"मला एक बघायचंय," ते म्हणाले. "दार टपावर बांधतात कसं ते."

मिस्त्रींनी स्टूल परत बाजूला सरकवलं.

"माझं सगळं आयुष्य पाव मिलिमीटरच्या हिशेबात गेलं. एखादी गोष्ट कशी झाली ते कळलं नाही की मला झोप लागत नाही. कोर्टात म्हणाले, दोर सैल होता. सैल म्हणजे किती? घट्ट म्हणजे कसा असतो? दीड वर्ष मी हेच घोकतोय. बाजारात सगळे म्हणतात, बांधावं तर मिस्त्रींनी."

"मी दाखवते," भिंगरी पटकन पुढे झाली.

"तुम्ही नको," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमचं बांधलेलं मी बघितलं. यांना दाखवू दे."

मिस्त्री उठले. भिंगरीला नंतर आठवायचं ते हे, की ते घाबरलेले दिसत नव्हते. उलट थोडे ताठच झाले होते, इतक्या दिवसांनी कुणी काम बघायला आल्यासारखे. भिंतीला टेकलेलं एक दार त्यांनी आणि चष्मेवाल्यांनी मिळून टपावर चढवलं. मिस्त्रींनी गोणपाट घातलं. नव्या दोराची गुंडाळी काढली. मागचा दोर बांधताना ते समजावून सांगत होते, मधला बांधताना बोलणं कमी झालं. पुढच्या दोरापाशी आल्यावर ते बंपरसमोर उकिडवे बसले.

फास पडला. टोक कडीतून आलं. ते ओढून अंगठ्याखाली दाबायची वेळ आली आणि दोर बोटांतून सरकला. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा त्यांनी टोक दातांत धरलं, डाव्या हाताने कशीबशी गाठ घातली आणि उठून बाजूला झाले. श्वास लागला होता.

"असं," ते म्हणाले.

चष्मेवाले पुढे आले. त्यांनी दाराच्या पुढच्या कडेखाली चार बोटं घातली आणि एका हाताने दार उचललं. ते वीतभर वर आलं. गाठ आपोआप सुटत गेली आणि दोर बंपरवर पडला.

मिस्त्रींनी दोराचं टोक डाव्या हाताने उचललं.

"दोर बरोबर नाही हा," मिस्त्री म्हणाले.

चष्मेवाले दोराकडे बघत नव्हते. ते मिस्त्रींच्या हाताकडे बघत होते. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असायला हवं तिथे खळगा पडला होता. त्यांनी जवळ जाऊन तो हात आपल्या हातात घेतला, चष्म्याची काच उजेडात धरून बघावी तसा फिरवून पाहिला.

"कधीपासून?"

चष्मेवाले भिंगरीकडे वळले.

"अपघाताच्या आधी वर्ष-सव्वा वर्ष," ती म्हणाली. आणि मग तिला थांबता येईना. टाकीचं वळण, पुन्हा बांधायचे दोर, गिऱ्हाइकांची शाबासकी, त्या दिवशी बाप शेजारी बसला होता ते, थांबून पुन्हा गाडी काढली ते, फडफडणारं टोक. फक्त काच वर केल्याचं तिने सांगितलं नाही. ती बोलत असताना मिस्त्री फळ्यांच्या थप्पीवर बसले.

चष्मेवाल्यांनी मिस्त्रींचा हात केव्हाच सोडला होता. ते आता कपाटाजवळ उभे होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, गाठ सैल आहे."

"हो."

"आणि तुम्ही थांबला नाहीत, कारण बाबांना वाईट वाटलं असतं."

"हो."

ते काही वेळ ते वाक्य तपासून बघत असावेत. मग म्हणाले, "मी इथे आलो तेव्हा मनात होतं की दोर तुटला असेल. दोर बनवणाऱ्याकडूनच खराब आला असेल, कुणाला दिसला नसेल. तसं असतं तर मी घरी जाऊन झोपलो असतो." ते दाराशी गेले. "माझी बायको तुमच्या बाबांचा मान राखण्यात गेली."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते रस्त्यावर उतरले, उजवीकडे जायचं तर डावीकडे वळले, चार पावलांवर थांबले आणि परत फिरून बरोबर दिशेने गेले.

आत मिस्त्री तसेच बसून होते. म्हणाले, "तू रोज बांधायचीस?"

"रोज."

"मला वाटलं, मीच बांधतोय."

मग ते रडले. भिंगरीने बापाला रडताना आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. तिला जवळ जावंसं वाटलं आणि वाटलं नाही. ती टपावरचं दार उतरवायला लागली. एकटीला ते जड होतं, पण तिने हाक मारली नाही.

पुढच्या आठवड्यात ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. मानेतली शीर दबली होती. डॉक्टर तरुण बाई होती, सरळ बोलणारी. "दोन-तीन वर्षांपूर्वी आला असतात तर शस्त्रक्रिया करून बराच हात वाचला असता," ती म्हणाली. "आता आहे तेवढा जपायचा." मिस्त्रींनी ऐकलं, चपला घातल्या, आणि घरी येईपर्यंत एवढंच म्हणाले, "दोन-तीन वर्षं."

त्यानंतर एका सकाळी ते न सांगता बाहेर पडले. दुपारी ठाण्यातून फोन आला. तोच जमादार होता. निवृत्तीला महिना राहिला होता त्याच्या. "तुमचे वडील इथे येऊन बसलेत. घेऊन जा."

मिस्त्री बाकावर बसले होते, गुडघ्यांवर एक पिशवी. पिशवीत दोन सदरे, टॉवेल, साबण. ते आल्यापासून सांगत होते की बांधलं मी होतं, लिहून घ्या. जमादार त्यांना समजावून थकला होता. निकाल लागलाय, शिक्षा भोगून झालीय, प्रकरण बंद आहे. मिस्त्री ऐकून घेत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते.

"आजोबा, ऐका," जमादार शेवटी म्हणाला. त्याने एक कोरा कागद काढला आणि सगळं लिहून घेतलं. हात कधीपासून गेला, दोर कुठून कसा बांधला, मुलीने काय म्हटलं. मिस्त्री मधेच थांबले.

"अजून एक लिहा. दोर फडफडत होता. मला ऐकू आला. मी काच लावून घेतली."

भिंगरी दारात उभी होती. ते तिच्याकडे बघत नव्हते. जमादारानेही तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने ती ओळ लिहिली, डाव्या हाताची सही घेतली आणि कागद टेबलाच्या खणात ठेवला.

"बोलावणं येईल तेव्हा या. आता घरी जा."

बोलावणं येणार नव्हतं हे तिला जमादाराच्या तोंडावरूनच समजलं. मिस्त्रींना समजलं नाही. ते रोज सकाळी अंघोळ करून, पिशवी शेजारी घेऊन कारखान्याच्या फाटकात बसायला लागले. ओळखीचा कुणी थांबला की त्याला सांगायचे, "बांधलं मी होतं. पोरीने नाही." पलंगवाला पहिल्यांदा ऐकून गडबडला. नंतर तो पलीकडच्या बाजूने जायला लागला. आरसेवाला एकदा भिंगरीला म्हणाला, "म्हातारपणी असं होतं, मनाला लावून घेऊ नकोस. लेकीसाठी आळ अंगावर घेतोय बिचारा." तिने त्याला दोनदा समजावून सांगितलं की ते खरं आहे. त्याने दोन्ही वेळा मायेने मान हलवली.

तिला एका गोदामात खोकी मोजून घ्यायचं काम मिळालं होतं. परवाना लागत नव्हता. आठव्या दिवशी सकाळी कामावर निघताना ती फाटकात थांबली.

"बाबा, ते येणार नाहीत."

"कोण?"

"पोलिस. तो कागद खणातच राहणार. त्याचं काही होणार नाही."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "जमादार म्हणाले, बोलावतो."

"तुम्ही घरी जावं म्हणून म्हणाले."

रस्त्यावरून शाळेची एक बस गेली. मिस्त्रींनी पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद एकत्र केले, पुन्हा सोडले.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

उत्तर आपण द्यायला हवं असं तिला वाटलं नाही. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. गोदामाचा भोंगा झाला, तो तिने ऐकला, तरी ती उठली नाही. ऊन फाटकातून आत सरकत व्हॅनच्या चाकापर्यंत आलं. दोघं बसून राहिले.